न्हावऱ्याच्या रस्त्यावर वऱ्हाडानं मोजलेला दिवा

शिरूर,
ता. १२ मे २००९

तीर्थरूप सावळाराममामा यांना भाचा मच्छिंद्रचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल. मी तर इतका खुशीत आहे की तुमच्या सूनबाईनं सकाळपासून दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला. मामा, आपल्या ट्रकचा पिवळा दिवा का लागतो, ते मला कळलं!

म्हणजे झालं असं. नव्या ट्रकला स्टिअरिंगच्या मागं इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा आहे. तो पहिल्यांदा लागला तळेगाव ढमढेऱ्याला फ्लॉवर भरताना. मला वाटलं, इंजिन ठणठणीत आहे असं गाडी सांगतेय. (हसू नका. वीस वर्षं मी ज्या गाड्या हाकल्या त्यांचा हेडलाइट लागला तरी आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवायचो.) शेजारचे हौसराव म्हणाले, डिझेल संपत आलं असेल. टाकी काठोकाठ भरली, दिवा तसाच. एका फिटरनं बॅटरीची वायर काढून परत लावली आणि दिवा विझला. मी त्याच्या पाया पडायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो पुन्हा लागला. शेवटी सूनबाईच्या पाकिटातली एक ठसठशीत टिकली काढून मी दिव्यावर चिकटवली, आणि मामा, खरं सांगतो, त्यानंतर मला फार शांत झोप लागू लागली.

परवा रविवारी हौसरावांच्या सम्राटचं लग्न, तुमच्या दौंडलाच. (तुम्ही गुडघ्यामुळं आला नाहीत, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.) वऱ्हाड माझ्या ट्रकमध्ये, नवरदेव आणि हौसराव केबिनमध्ये माझ्या शेजारी. न्हावरा मागं पडलं आणि गाडीतला जीवच गेला. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी वीसच्या वर काटा जाईना. आधी एक ट्रॅक्टर पुढं गेला, मग चढावर गाडी पार रांगायला लागली, तेव्हा शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी बराच वेळ आमच्या बरोबरीनं चालली आणि पुढं निघून गेली. तिकडं मंडपात भंतेजी येऊन बसलेले, नवरीकडचे दर पाच मिनिटांनी फोन करतायत, आणि सम्राटचा फेटा घामानं भिजून कानावर आलेला. हौसराव एवढंच म्हणाले, "मच्छिंद्र, माझ्या पोराचं लगीन मोडलं तर तुझ्या दारात येऊन बसंन."

मी गाडी कडेला उभी केली, तेवढ्यात मागून आपली करुणा उतरून आली. नवी पैठणी, केसात गजरा. तिनं केबिनमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, "पप्पा, आईची टिकली हितं कशी?"

मी म्हणालो, "शोभेला."

तिनं टिकली नखानं काढली. खाली दिवा जळतच होता. ती म्हणाली, "दिवा म्हंजी आजार न्हाई पप्पा, तक्रार हाय. गाडी बोलत होती आन् तुम्ही तिचं तोंड दाबलं." (सगळ्या वऱ्हाडासमोर, मामा.)

मग तिनं डॅशबोर्डच्या खालचं एक बटण दाबून धरलं आणि दिवा लुकलुकायला लागला. तो किती वेळा लुकलुकतो यावर बिघाड कळतो म्हणे. बायका मोठ्यानं मोजायला लागल्या, खाली उतरलेले पुरुषही मोजायला लागले. एक पार्टी म्हणे दोन आणि तीन, दुसरी म्हणे दोन आणि चार. भांडण लागलं. तिनं पुन्हा दाबलं, आणि या वेळी नवरदेवानं स्वतः बोटं धरून मोजलं : दोन आणि तीन. करुणानं तिला आयटीआयमध्ये गाड्यांचं काम शिकवणाऱ्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, इंजिनात हवेचा दाब कमी पडतोय.

इंजिन केबिनखाली, म्हणून केबिन पुढं झुकवायची ठरली. आतलं सामान काढायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळं हार, अत्तराची बाटली आणि हौसरावांच्या चपला सगळं धडाधडा काचेवर आलं. करुणानं पदर खोचला, आत वाकली आणि एक जाड रबरी पाइप दाखवला. टर्बो नावाचा पंखा हवा दाबून पाठवतो, ती त्यातून इंजिनात जाते. तो तोंडाशी निसटून सगळी हवा बाहेर फुसफुसत होती. क्लिप सैल. तिनं पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला. (मुली पर्समध्ये काय ठेवतात हे मला आजवर माहीत नव्हतं.) चार मिनिटांत पाइप बसला.

आणि गाडी काय पळाली, मामा! शेळ्यावाल्या म्हातारीनं हात हलवला. आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो, पण लग्न लागलं, आणि सगळ्यांनी नवरा-नवरीच्या आधी करुणाबरोबर फोटो काढले. हौसराव तर माझ्या गळ्यात पडून रडले. दिवा लगेच विझला नाही, गाडीची खात्री पटायला दोन दिवस लागले. आज सकाळी विझला. मी टाळ्या वाजवल्या.

मामींना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. : ती क्लिप सैल कुणी ठेवली, असं तुम्ही विचारालच. गेल्या महिन्यात पाइप पुसायला मीच काढला होता. हे हौसरावांना सांगू नये.

ता. क. २ : लग्नात तुमच्या दौंडच्या एका वर्कशॉपवाल्यानं करुणाला कामाला बोलावलंय. रोज शिरूरहून जाणं-येणं व्हायचं नाही. तुमची मागची खोली रिकामी आहे. तिला ठेवून घ्याल का? नीट विचार करून, सावकाश कळवा.

ता. क. ३ : करुणा म्हणते, पोस्टाचा काय भरवसा, पत्र मीच घेऊन जाते. तिची बॅग भरून झालीय. तेव्हा हे वाचताना ती तुमच्या समोरच बसलेली असेल. नाही म्हणायचं असेल तर आधी तिला चहा तरी द्या.