तिच्या कॉम्प्युटरला हलकं काहीतरी

३ जून
आणला! वरच्या मजल्यावर राहते तिचा कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आहे. म्हातारा. विंडोज उघडेपर्यंत माणूस अंघोळ करून येईल. भाषांतराच्या नोकरीसाठी तिला बारा तारखेपर्यंत नमुन्याचं एक प्रकरण पाठवायचंय. "याच्यावर होईल का रे?" — "पळवतो बघ!" म्हणालो. विंडोज काढून लिनक्स घालायचं — फुकट, हलकं, आणि प्रकार ढीगभर. कुठलं, तेवढं ठरवायचं.

ताई म्हणते, "कॉलेजात एवढा जीव लावला असतास तर!" बोलू दे.

४ जून
पहिलं घातलं ते दिसायला राजबिंडं. तिला आवडलं असतं! पण ब्राउझर उघडला की पंखा बोंबलतो. रॅम दोन जीबी आणि थाट केवढा! काढलं.

५ जून
फोरमवर एक जण लिहितो — जुन्या मशीनला डेबियन घाला, दिसायला सपक, पण कधी अडकणार नाही. सपक! तिला सपक कसं द्यायचं? लुबंटू नावाचं दुसरं लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. सुसाट! राहवेना. पेनड्राइव्हसकट तसाच वर नेऊन दिला. हसली! माझे पाय जमिनीवर नाहीत.

७ जून
मेलो. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघतात — आत बसवायचं राहिलंच! मशीन बंद झालं की सगळं पुसलं जातं. तिने चालूच ठेवलं होतं. आज वीज गेली. अर्धं प्रकरण गेलं.

ओरडली नाही. "सांगायचंस ना," एवढंच. आणि मीच उलटा तापलो — "दुसरीकडे कॉपी ठेवता येत नाही?" स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतंय. तिचे बाबा आतून म्हणाले, "याचं सगळं अर्धवटच."

८ जून
मशीन खाली आणलं. डेबियन. नीट, आत बसवलं. एक फाइल लिहिली, प्लग उपसला, पुन्हा लावला. फाइल जागेवर. पुन्हा उपसला. जागेवर! वर गेलो. "चुकलो." तिने मान वर केली नाही. "ठेव तिथे."

१० जून
जिन्यात उभा होतो. आतून कीबोर्डचा आवाज. थांबतच नव्हता.

१२ जून
"पाठवलं," म्हणाली. बोलली माझ्याशी!

२६ जून
निवड झाली! धावत खाली आली, माझा हातच धरला. "एकदाही अडकला नाही रे!"

रविवारी निघतेय. ऑफिस परगावी आहे. मला माहीतच नव्हतं — नोकरी कुठली, कुठे, मी कधी विचारलंच नव्हतं.