मोत्यांचे दोन सर

४ जून

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला जाऊन परवा वर्ष झालं. इतके दिवस तिच्या कपाटाला हात लावला नव्हता, काल लावला. कपड्यांच्या घड्यांखाली, आईने आमच्या लग्नात तिला दिलेला मोत्यांचा सर निघाला. खिडकीशी धरला आणि काय सांगू! मी शिकवायचो त्या तिसरीच्या वर्गात कविता म्हणताना पोरांचे दात रांगेने चमकायचे, तसा सगळा सर हसला. मी बराच वेळ तसाच उभा. दूध उतू गेलं, ते वासावरून कळलं.

आमच्यामागे घ्यायला कुणी नाही, म्हणून सर तुलाच द्यायचा असं ठरवलं. पण आधी पारख व्हावी, किंमत कळावी. शेजारच्या घड्याळजींनी खूण सांगितली: मोती पुढच्या दातांवर हलकेच घासायचा. खरा असेल तर बारीक वाळूसारखा खरखरतो, काचेचा सुळकन सरकतो. मी तीनदा घासला. ठमे, लोण्यासारखा सरकला!

म्हणजे तुझ्या वहिनीने पंचेचाळीस वर्षं काच मिरवली. आईकडे दोनच सर होते, आजीकडून आलेला खरा आणि बाबांनी पहिल्या पगारात हौसेने आणलेला काचेचा. त्या दिवशी एक सुनेला दिला, दुसरा तुला. मग खरा तुझ्याकडेच की! आत्या मात्र भर मांडवात म्हणाली होती की सुनेला मोती आणि लेकीला काच. आत्याची जीभ कायम तिच्या डोळ्यांपुढे धावायची.

ते बोलणं तुला लागलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळून गप्प बसलो, हा माझा दोष. तेव्हापासून तू या घरी राहिली नाहीस. येतेस ती उभ्या उभ्या, चपला काढण्याआधी निघायची वेळ सांगतेस. आता तरी चार दिवस ये. घर फार शांत झालंय.

इकडे लोभाला तोटा नाही, उचलायला माणूस हवं.
तुझा,
दादा

११ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे चार ओळी बातमी आणि चाळीस ओळी चांदणं. दूध गॅसवर ठेवलं की स्वयंपाकघरातच उभा राहत जा, खिडकीत नव्हे.

माझा सर मी एका जुन्या मोज्यात घालून ट्रंकेच्या तळाशी टाकला होता. गळ्यात एकदाही घातला नाही. आत्याचे शब्द कानात असताना गळ्यात काय घालणार? खरं सांगते, तुझं पत्र वाचून तडक ट्रंक उपसली. या वयात, दादा! आरशासमोर बसले आणि घासून पाहिला. तोही गुळगुळीत.

आधी रडूच आलं, मग हसू. वहिनीला काच आणि मलाही काच, म्हणजे आईने दुजाभाव केलाच नाही! एकटीच इतकी हसले की खालची भाडेकरीण वर येऊन, बरं आहे ना, असं विचारून गेली. पण आजीचा खरा सर मग गेला कुठे? छत्तीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसून नोटा पारखल्यात मी, दाताच्या साक्षीवर निकाल मानणार नाही. माझा सर रजिस्टर पार्सलने पाठवते आहे. दोन्ही एखाद्या जाणत्या माणसाला दाखव आणि जे निघेल ते जसंच्या तसं लिही. गोड करून सांगशील तर याद राख, तुझं गोड मला लांबून कळतं.

राहायला येण्याचं पुढे बघू. माझ्या गुडघ्यांचं आणि तुझ्या जिन्याचं पटत नाही.

आहे तेवढा लोभ सांभाळून ठेव.
तुझी,
ठमी

२६ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल वेळेवर आलं. उत्तराला उशीर झाला, कारण या पत्राआधी दोन खोटी पत्रं लिहिली आणि फाडली.

सराफांच्या गल्लीत एका दुकानावरच्या माळ्यावर मोती ओवणाऱ्या बाई बसतात. टेबलावर पांढरं फडकं, डोळ्याला भिंग, बोलणं जेवढ्यास तेवढं. दाताची परीक्षा मी मोठ्या ऐटीत सांगितली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं की आजोबा, हे दात तुमचेच का. मी म्हटलं, पैसे मोजून घेतलेत, म्हणजे माझेच. बाई इतक्या हसल्या की भिंग खाली पडलं. कवळीला कसली कळतेय खरखर! आणि तूही गेल्याच वर्षी बसवून घेतलीस. दोघांत मिळून अस्सल दात एक नाही आणि निघालो मोती पारखायला.

आता खरं ते लिहितो. तुझ्या वहिनीचा सर अस्सल निघाला. त्यातला एक मोती दुसऱ्यासारखा नाही, कुणी किंचित पिवळसर, कुणी बसका. किंमत फार नाही, एक बरासा फ्रीज येईल. तुझा काचेचा. सगळे मणी एका साच्यातले, आणि भोकाच्या कडेला वरचा मुलामा उडून आतली काच दिसते. मी भिंगातून स्वतः पाहिलं. आत्या बरोबर होती, ठमे.

मी उठलो होतो. तेवढ्यात बाईंनी तुझा सर पुन्हा भिंगाखाली घेतला आणि विचारलं की हा ओवला कुणी. दर दोन मण्यांमध्ये एक गाठ आहे, रेशमी दोऱ्याची. अशा गाठी खऱ्या मोत्यांना मारतात, म्हणजे सर तुटला तरी एकच मोती निसटावा. काचेसाठी एवढे कष्ट कुणी घेत नाही. आणि जो अस्सल, त्याला एकही गाठ नाही, साध्या दोऱ्यात सरळ ओवलेला. बाईंचं म्हणणं, गाठी वेड्यावाकड्या आहेत, पण एकही सुटलेली नाही. न बघता, चाचपून मारल्यासारख्या. मारणारीला हेच मोती खरे वाटत असणार.

मी पुन्हा खाली बसलो. आमच्या लग्नाआधी आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, आठवतं? दुपारभर दारात बसून ती काहीतरी ओवत असायची आणि सुईत दोरा घालायला मला हाका मारायची. मी कवितांच्या वहीत बुडालेला, चारदा हाक मारल्यावर एकदा उठायचो. तेव्हा मान वर करून पाहिलं असतं, तर सरांची अदलाबदल झालेली मला दिसली असती. तिने खरे तुलाच द्यायला घेतले होते, ठमे. हात चुकला, मन नाही.

बाई म्हणतात, दोरा जुना झालाय, दोन्ही सर कापून नव्याने ओवावे लागतील. मी थांबवलंय. खरा सर तुझाच आहे. पार्सलने पाठवू का, ते कळव.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
दादा

१ जुलै

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र जिन्यातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसून वाचलं. भाडेकरीण पुन्हा येऊन विचारून गेली. या वेळी तिला पाणी आणायला सांगितलं.

माझ्यासाठी आई एक एक गाठ मारत होती आणि मी ते मोज्यात कोंबून ठेवलं. आत्यावर रागवायचं तर ती राहिली नाही, आईची माफी मागायची तर तीही नाही. उरलास तू, म्हणून तुलाच लिहिते.

पार्सल करू नकोस. मी शनिवारी दुपारच्या गाडीने येते. चार दिवस नाही, चांगले पंधरा दिवस. बाईंना सांग, वहिनीचा सर खुशाल कापा आणि गाठी मारून ओवा. पण काचेच्या सराला कात्री लावायची नाही. दोरा जुना असेल तर मी जपून घालीन.

खरा सर कुणी ठेवायचा, ते समोरासमोर बसून ठरवू. तू म्हणशील मी घ्यावा, मी म्हणेन वहिनीच्या गळ्यातला आहे, तुझ्याच घरात राहू दे. तू ऐकणार नाहीस, मीही ऐकणार नाही. पंचेचाळीस वर्षं मनातल्या मनात भांडले, दादा. आता मला मोठ्याने भांडायचंय.

लोभ आहेच, बॅग उचलायला मात्र स्टेशनवर वेळेवर ये.
तुझी,
ठमी