आवळ्याचा रस आणि हिची सुई

३ डिसें., बुध.
ठक्. जरा थांबून पुन्हा ठक्. सिद्धगडाच्या पायथ्याला लहानपणी ऐकलेला आवाज आज अवचित कानात आला. जंगलखात्याचा गार्ड सागाच्या बुंध्यावर हातोड्याने शिक्का उमटवायचा. शिक्का पडला की ते झाड तोडायचं ठरलं.

नात मनाली ठाण्याला जीवशास्त्र शिकते. सौ.च्या सुईचं औषध अंगात नक्की काय करतं, फोनवर विचारलं. सौ.ला कॅन्सर आहे, हाडांच्या मगजातला. मनाली म्हणाली, "आबा, पेशीतल्या प्रोटीनांवर पण शिक्का बसतो. युबिक्विटिनचा. बसला की ते मोडायचं. एक प्रोटीन तर पहारेकरीच, गुणसूत्रांच्या जोड्या सुटू देत नाही. त्याला शिक्का मारून मोडलं तरच जोड्या सुटतात, एका पेशीच्या दोन होतात."
"नाही मोडलं तर?"
"पेशी तिथेच अडकते."

मोडल्याशिवाय वाढ नाही! हयातभर शाळेत पोरांकडून पानगळीच्या कविता चालीवर म्हणवून घेतल्या. आणि हे माझ्याच अंगात चाललेलं.

५ डिसें., शुक्र.
औषधाचं कळलं, मनालीने लिहून पाठवलं. शिक्का बसलेली प्रोटीनं दळणारी गिरणीच ते बंद पाडतं. कॅन्सरची पेशी प्रोटीनं भारंभार बनवते. गिरणी बंद, की तिच्यात ढीग साचतो, ती गुदमरून मरते. म्हणजे कचरा उचलायचाच नाही, हा उपाय! वाचून पुन्हा वाचलं.

सौ. भाकरी थापत होती. सांगितलं तर म्हणते, "अंगन झाडा म्हनलं तर झाडत नाय, आन् माज्या अंगात कचरा कोंडायला मला कल्याणला नेता!"
दोघंही हसलो. सुयांनी तिची बोटं बधिर झालीत. भाकरी वाकडी होते. मी गपचूप खातो.

९ डिसें., मंगळ. कल्याणहून येऊन
रिपोर्ट वाईट. औषध लागू पडलेलं दिसत नाही. डॉक्टरबाईंनी खाणंपिणं विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, रोज उपाशीपोटी रानआवळ्याचा रस, वाटीभर. स्वतः किसतो, फडक्यातून पिळतो.
बाई लिहिता लिहिता थांबल्या. "सर, हे कधीपासून?"
"सुया सुरू झाल्यापासून."
"व्हिटॅमिन सी जास्त झालं तर या औषधाला अडवू शकतं. मी सांगितलं होतं ना, त्याच्या गोळ्या घेऊ नका?"

गोळ्या घेतल्याच नाहीत! आवळा आमचं खाणं. कार्तिकात त्याच झाडाखाली पंगत मांडतो आम्ही, पहिलं पान हिचं.
"त्यानेच झालं असं नाही म्हणता येणार," बाई म्हणाल्या. "पण आजपासून बंद. आणखी एक फेरी देऊन बघू."
मी पिळून दिला. मी. गिरणी बंद पाडायला सुई, आणि सुईला अडवायला...

एसटीत सौ. खिडकीकडे तोंड करून बसली. हात धरला. "धरल्यालं कळत नाय मला," म्हणाली.

१२ डिसें., शुक्र.
सुईला यायचं नाही म्हणते. "झालं तेवडं बास." मी म्हटलं, माझ्या रसामुळे वाया गेल्या सुया, आता तरी नीट घे. तर म्हणाली, "त्यो रस मला कदी आवडलाच नाय. तुमी हौसेनं आनायचे म्हनून प्यायचे."
उठून आवळीखाली गेलो. झाड लगडलंय. बघवेना.

१६ डिसें., मंगळ.
सुईचा दिवस. मी डबा भरला, कपडे घालून बसलो. ही चुलीपाशी, लुगडं बदललेलं नाही. जोर कोणत्या तोंडाने करू? पहिली एसटी गेली.

एवढं लिहितो तोवर दार वाजलं. डोक्याला रुमाल गुंडाळलेली तरणी बाई, काखेत पिशवी. मी ओळखलं नाही. "डोळखांबची मी. दवाखान्यात आजीच्या बाजूच्या खाटंवर व्हते. आजी म्हनली, एकटीला भ्या वाटलं तर माज्या घरी ये, संगतीनं जाऊ सुईला."

हिने मला यातलं काही सांगितलेलं नाही.

आत पाहिलं. फुंकणी हातात तशीच, ही दाराकडे बघतेय.
"बस गो," म्हणाली. "च्या ठेवते."
दुसरी गाडी अजून यायची आहे.