राजाची एकच बाजू

२ मे, सकाळी ७
आजपासून शिस्त. मुरिएल बहिणीकडे निघून गेली त्याला तीन आठवडे झाले. जाताना म्हणाली, एकतीस वर्षांच्या संसारात तुझं एक चित्र पुरं झालेलं पाहिलं नाही. १७ला येईन. पबवर तू रंगवलेली पाटी दिसली तर राहीन, नाहीतर आल्या बसने परत.
पाटी पाचव्या हेन्रीची, इंग्लंडच्या जुन्या राजाची; पबला त्याचंच नाव. किरकोळ काम. चार दिवसांत उडवतो.

५ मे
अभ्यास चालू. या राजाची जुनी चित्रं सगळी एका बाजूनेच. दुसऱ्या गालावर बाणाची खूण होती म्हणे. घाई नको.

९ मे
नाक खोडलं. सहाव्यांदा. पबवाली ग्वेन्डा डोकावून म्हणाली, मास्तर, हा लढाई जिंकलेला राजा की सर्दी झालेला पाद्री? बाईला कलेतलं काय कळतं! जेवण गेलं नाही. घर खायला उठतं.

१३ मे
मुरिएलला फोन. सांगितलं, झालंच आहे, शेवटचा हात फिरवतोय. ती म्हणाली, बघू. राजाला अजून डोळा नाही. नशीब, एकच लागतो.

१६ मे, दुपारी ४
झाला! राजा झाला! ग्वेन्डाने पाटी उलटून पाहिली. मागे नुसता पांढरा रंग. म्हणाली, अहो मास्तर, टांगायची पाटी आहे, चर्चकडून येणारा एक बाजू बघतो, पुलाकडून येणारा दुसरी. मी सुनावलं, पाचशे वर्षं लोक या राजाची एकच बाजू रंगवतायत, कुणाची तक्रार नाही. टांग म्हटलं. दुसरी पुढच्या आठवड्यात. तिने कपाळाला हात लावला, पण शिडी आणली.

१७ मे, सकाळी १०
इस्त्रीचा शर्ट. चर्चच्या बाजूने पाटी पाहिली. काय रुबाब! बस चर्चपाशीच येते, इथेच उभा राहतो.

दुपारी १२
कोणीच आलं नाही. मग ग्वेन्डा धापा टाकत आली. म्हणाली, बस आज पुलापाशीच वळली, बाई तिथेच उतरल्या होत्या हो. वर पाटीकडे बघितलं, म्हणाल्या, कोरीच आहे, मला माहीत होतं. मी थांबा थांबा म्हणतेय तोवर त्याच बसमध्ये चढल्या.
पुलापर्यंत पळालो. तिथून वर बघितलं. पांढरं फटक. रस्त्यातच रडू फुटलं.

१८ मे
फोन उचलत नाही. पाटीचा फोटो पाठवला. दोन तासांनी उत्तर आलं: छान झालंय. पण मी इथेच बरी आहे.
पहिले दोन शब्द सकाळपासून वाचतोय. पुढचे वाचवत नाहीत.