दीड वार

चंद्रपूर,
ऑगस्ट १९८६

प्रिय वारलू,

तुझे पत्र काल मिळाले. म्हणजे नाल्यावरच्या अजगराने माझ्या चांदागड्याला पुन्हा चावा घेतल्याची बातमी काल मिळाली. मास्तर झाल्यापासून तू फार निर्दय झाला आहेस. आश्रमशाळेतली पोरे तुला कशी सहन करतात, ती तीच जाणोत. अक्षर वाकडे आले आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

हॉस्टेलची खोली आठवते ना? जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या मामाने ती खेळाची पेटी आणली होती. आत एक इंग्रजी पुस्तिका आणि कसल्या कसल्या बाजूंचे फासे. शब्दकोश घेऊन तूच ती वाचून काढलीस आणि त्यातला परका किल्ला काढून आपले जंगल, आपले नाले घातलेस. मी चांदागडी नावाचा लढवय्या झालो आणि तू अजगरासकट उरलेले सगळे जग. लढवय्याला दर फेरीला दीड वार मिळतात हे ऐकून मी खूश झालो, तर तू म्हणालास, "अर्धा वार कुठी असते का बे?" मग नियम शोधलास. या फेरीत एक वार, पुढच्या फेरीत दोन. वाराचा अर्धा वाया जात नाही, पुढे साठतो. पण अजगराची कातडी जाड, त्याला माझा घाव निम्माच लागायचा, आणि सात पडले तर साडेतीन नाही, तीनच. जखमेचा अर्धा सोडून द्यायचा. हा कुठला न्याय म्हणून मी रागाने मेसमध्ये जेवायला आलो नाही. तू माझ्या वाटच्या पोळ्या रुमालात बांधून आणल्यास, नियम मात्र बदलला नाहीस.

तुला एटापल्लीला नोकरी लागली, फासे आपण वाटून घेतले आणि खेळ टपालावर आला. एका पत्रात एक फेरी. खोटा आकडा लिहायला कोणी अडवले नव्हते, पण मी कधी लिहिला नाही. तूही लिहिला नसशील, नाहीतर तुझा अजगर इतक्यांदा चुकला नसता.

हल्ली फासा खाटेखाली गेला की माय काढून देते. "काऊन हसून राह्यला एकटाच?" म्हणते. छापखान्याचे काम मी होळीनंतर सोडले. भाऊजी मला नागपूरच्या दवाखान्यात नेत, तिथे रक्त चढवत. आता नेत नाहीत. तुला कळवले नाही, कारण कळले असते तर तू अजगराला हळू चावायला लावले असतेस आणि मला ते लगेच ओळखू आले असते. मला फार भीती वाटते, वारलू. खेळताना तेवढी वाटत नाही.

व्हरांड्यात डॉक्टर भाऊजींना सांगत होते ते मी ऐकले. महिना-दीड महिना. हा अर्धा वाराचा की जखमेचा, मला ठरवता येत नाही. जखमेचाच असावा. नाले भरले की तुमचे टपाल आलापल्लीला अडून बसते, म्हणून तुझे पुढचे पत्र मला मिळायचे नाही. दोन वारांची फेरी आधी दे, असे लिहिणार होतो. पण तू नियम मोडणार नाहीस, आणि मोडलास तर मला आवडणार नाही. तेव्हा या फेरीचा माझा एक वार: फाशावर चार पडले, म्हणजे चुकला. माय साक्षीला होती. माझे फासे या पाकिटात घातले आहेत. आता अजगराची पाळी. त्यातून चांदागडी वाचला, तर त्याचे साठलेले दोन वार तू माझ्या नावाने टाक. मेला तर मेला असेच लिही, आणि ते पत्र मायकडे पाठव. तिला वाचता येत नाही, पण जपून ठेवील.

तुझाच,
हरिदास