नवस फेडला आणि मशीन पडलं

पंचवटी, नाशिक
शनिवार

ती. सुधाआत्यास,

विहंगचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही तिघंही धडधाकट आहोत. तुझे गुडघे आणि काकांची साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. फोन सोडून पत्र का, याचं नवल वाटेल. पण फोनवर तू मध्येच बोलतेस (नानांची बहीण शोभतेस), आणि हे मला एका दमात सांगायचं आहे.

मी घरून काम करतो हे तुला ठाऊकच आहे. टेबलाखाली कंपनीचं एक मशीन आहे आणि ते दोन-तीन आठवड्यांतून एकदा, काहीही कारण न देता, मान टाकतं. तसलीच मशीनं गिऱ्हाइकाच्या कारखान्यातही मान टाकू लागली, तेव्हा साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं: शुक्रवारपर्यंत कारण शोधा, नाहीतर विहंगच्या जागी दुसरा माणूस. कारण असतं मशीनच्या मेमरीत. पडलं त्या क्षणी तिच्यात जे काही होतं ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं आणि मग तपासायचं. पंचनामा होईपर्यंत कुणी कशाला हात लावत नाही ना, तसं. बंद करून चालू केलं की सगळं पुसलं जातं. मागच्या खेपेला नेमकं हेच झालं. मी भाजीला गेलो होतो, मशीन पडलं, आणि नानांनी (एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी बंद पडलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात) बटण दाबून ते चालू केलं. वर मलाच म्हणाले, "केलं बघ दुरुस्त."

म्हणून या वेळी मी मशीनमध्येच थोडी जागा राखून एक छोटी यंत्रणा झोपवून ठेवली. मोठी पडली की ही उठणार आणि सगळी मेमरी तारेतून माझ्या लॅपटॉपवर पाठवणार. आता फक्त मशीन पडायला हवं होतं, आणि ते काही पडेना! (मुद्दाम पाडता येतं, पण मग पाडणारा मीच, खरा चोर सापडत नाही.) सोमवार गेला, मंगळवार गेला, मला घास उतरेना. बुधवारी आई मायेनं म्हणाली, "तू नको काळजी करूस. तुझं मशीन पडू नये म्हणून मी गणपतीला एकवीस मोदकांचा नवस बोललेय. अठरा दिवस झाले, पडलं का?"

आत्या, देवावर माझा विश्वास बेताचाच. तरी मी आईचे पाय धरले आणि नवस मागे घे म्हणालो. ती म्हणाली, नवस मागे घेता येत नाही, फेडावा लागतो. गुरुवारी तिनं मोदक उकडले, अठरा दिवस पुष्कळ झाले असं देवळात जाऊन सांगून दुपारी परत आली, आणि चार वाजता मशीन पडलं.

छोटी यंत्रणा उठली. पडद्यावर टक्के मुंगीच्या पावलांनी चढू लागले. नाना स्विचबोर्डाला पाठ लावून खुर्चीत बसले आणि आईला मिक्सरसुद्धा लावू देईनात. लाईट गेली असती तर सगळंच गेलं असतं. पंखा जरा मंदावला की आम्ही तिघंही श्वास रोखायचो. मी इतका घाबरलो होतो की पाणी प्यायलाही उठलो नाही. बासष्ट टक्क्यांवर लॅपटॉपनं कळवलं, जागा संपत आली. मी सगळ्यात जड फोल्डर उडवलं, कायमचं, नावही न वाचता. टक्के पुढे सरकले. पावणेसहाला शंभर भरले तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी होतं. नानांनी विचारलं, "आता दाबू का बटण?" मी दाबू दिलं.

शुक्रवारी कारण सापडलं. नोकरी वाचली. काकांना नमस्कार सांग.

तुझा,
विहंग

ता. क. कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी लिहिलेली एक चुकीची ओळ. कुणी लिहिली ते साहेबांनी विचारलं नाही, आणि मीही आपणहून माझं नाव सांगितलं नाही.

आणखी एक. उडवलेल्या फोल्डरचं नाव काल शोधून वाचलं: 'काकांची पंच्याहत्तरी'. 'तू कॉम्प्युटरवाला, तुझ्याकडे हरवायचं नाही' म्हणून तू सगळं शूटिंग माझ्याकडे दिलंस, आणि मी कार्ड पुसून तुला परत केलं होतं. लॅपटॉपवर त्या जागी आता मशीनची मेमरी बसली आहे. खूप खटपट केली, परत येत नाही. मला फार अपराधी वाटतंय गं. काकांना एवढ्यात काही बोलू नकोस. पुढच्या रविवारी मी कॅमेरा घेऊन सटाण्याला येतो. तोवर त्यांना त्या दिवशीचं चाळीस मिनिटांचं भाषण अजून पाठ आहे का, एवढं सहज विचारून ठेव.