काकींचा पाय आणि बिबड्यांचं पीठ

माय,

आधी काय घडलं ते क्रमाने.

१. तापीकाठच्या एका गावात एका काकींचा पाय उकळत्या पाण्याने भाजला. पट्टी बदलायला नंदुरबारच्या दवाखान्यातून मला पाठवलं.
२. जखम स्वच्छ होती. ताप नाही, लघवीत साखर नाही. तरी ती भरेना. काकी जेवत नव्हत्या, झोपत नव्हत्या.
३. काल जखमेवर नवी कातडी पूर्ण आली.
४. मधल्या काळात औषध बदललेलं नाही.

दोन आणि तीनच्या मध्ये जे झालं ते दवाखान्याच्या कागदावर लिहिता येत नाही, म्हणून तुला लिहिते.

काकींनी विधवा लेकीचं दुसरं लग्न लावून दिलं. लेक नवऱ्याबरोबर लांब गेली आणि गावाने काकींना वाळीत टाकलं. चैत्र लागला तसे गल्लीत घरोघरी बिबडे सुरू झाले, यांच्या अंगणात मात्र वाळवणाची बाज भिंतीला उभीच. बिबडे एकटीने होत नाहीत हे तुला काय सांगायचं. एकीने ज्वारीचं पीठ शिजवून घोटायचं आणि ते गरम आहे तोवर बाकीच्यांनी ओल्या फडक्यावर पापडासारखं पातळ थापायचं. मी विचारलं तर काकी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "कोन येई मन्हा घर?"

तेव्हा मला तू दिसलीस. मी नर्सिंग शिकायला धुळ्याला गेले म्हणून गल्लीने तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. सुट्टीत आले तर तू अर्धी झालेली, छातीत धडधड, झोप नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही, त्यांनी शक्तीचं औषध दिलं. पुढच्या उन्हाळ्यात मी येते, तर तू भर गल्लीत एकटी बिबडे थापते आहेस. पीठ गार, बिबडे भाकरीएवढे जाड, कडा तडकलेल्या. शेजारच्या काकू ओट्यावरून बघताहेत. खूप वेळ सोसतात, मग उठून येतातच. "सरक. हात शे का खुरपं?" बाकीच्या बायका डोळे वटारतात, तेव्हा त्या मान वर न करता सांगतात, "मन्हं बोलनं पीठसंगे शे, तिन्हासंगे नही." त्या दिवशी तू पोटभर जेवलीस. मी धुळ्याच्या गमती सांगत होते आणि तू घोरत होतीस.

म्हणून मी काकींना ज्वारी भिजत घालायला लावली आणि पीठ शिजल्यावर त्यांच्या अंगणात थापायला बसले. टाके घालताना माझा हात हलत नाही, पण माझे बिबडे नकाशातल्या तालुक्यांसारखे निघाले. कुंपणापलीकडे बायका जमल्या. त्यातली एक म्हणाली, "बाई, तुम्ही पट्टीबी अशीच बांधतस का?" काकी हसल्या. त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले. मग ती बाई आत आली, तिच्यामागे आणखी दोघी. काकींनी भाजलेला पाय पाटावर ठेवला आणि मला बाजूला सारून स्वतः थापायला घेतलं. गरम पिठावर कच्चं तेल घालून सगळ्यांबरोबर खाल्लंही. गावच्या पाटलांच्या घरचं दार त्यांना अजून बंदच आहे. तरी त्या दिवसापासून काकी जेवतात.

मी काही सिद्ध केलं असं म्हणत नाही. कदाचित जखम भरणारच होती. पण माणसाला माणसांनी तोडलं की आधी भूक जाते, मग झोप, आणि नवं मांस या दोन्हींवरच धरतं. एवढं मी दोन शरीरांवर पाहिलं आहे. पहिलं तुझं.

तू मुद्दाम वाईट थापत होतीस का? मी मुद्दाम तसे थापले असं दवाखान्यात सांगितलं आहे. खरं म्हणजे मला तसेच येतात.

काल शेवटची पट्टी सोडली तेव्हा काकी म्हणाल्या, "आखाजीले ये. अंडेर माहेरले येस तशी." अक्षय्य तृतीयेला त्यांची स्वतःची लेक माहेरी येणार नाही, लेकीचा झोका मात्र बांधायचा आहे. मी बघते म्हणाले. तू गेल्यापासून आखाजीला मी ड्यूटी मागून घेते. कामाची आवड आहे, असं सगळ्यांना वाटतं. तिसरं शरीर माझं आहे, झोप मलाही नाही, हे कुणाला सांगितलेलं नाही.

या पत्राला तिकीट लावणार नाही. तरी जायचं की नाही, ते आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत कळव. उत्तर आलं नाही तर हो समजेन. तुझं लुगडं धुऊन वाळत घातलं आहे.